कोकणात सगळ्यांनी मिळून उभं करायचं चार्जिंगचं जाळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या पुढे हायवेला आमची खानावळ आहे. गेली काही वर्षं आम्ही खानावळवाले, होमस्टेवाले, दोन गॅरेजवाले आणि रिक्षा स्टँडवरची पोरं मिळून इलेक्ट्रिक गाड्यांसाठी जागोजागी पॉइंट लावतोय. फोनवर, गल्ल्यावर, लग्नाच्या पंगतीत लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते इथे एकत्र केलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिथे नंबर दिलाय.

१. हे जाळं कुठल्या कंपनीचं आहे का? आम्ही त्यात आलो तर नक्की काय होतं?

कंपनी नाही. ज्याचा पॉइंट त्याचं मीटर, त्याचं बिल आणि त्याचीच कमाई. एकत्र आहे ते एवढंच: सगळ्या पॉइंटची एक यादी, सगळीकडे सारखा बोर्ड, सारखे नियम, आणि एक सामानाची पेटी ज्यात एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), सॉकेट आणि कारसाठी एक जादा टाइप-२ केबल असते, म्हणजे कुणाचं काही जळलं तर रत्नागिरीहून पार्ट येईपर्यंत चार दिवस पॉइंट बंद राहत नाही. सुरुवातीला सगळ्यांचे पैसे एकाच खात्यात घालायचा विचार होता, मीच त्याला नको म्हटलं. हिशेबावरून गावात एकदा वाद झाला की लोक एकमेकांचा फोन उचलत नाहीत, आणि आपलं सगळं काम चालतंच मुळी फोन उचलण्यावर (प्रश्न १६).

२. लायसन लागतं का? वीज विकायला तर परवानगी लागते ना?

नाही लागत. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, ती वीज विक्री धरायची नाही, त्यामुळे २००३ च्या वीज कायद्याखालचं लायसन नको. पण म्हणून कुठलंही मीटर चालतं असं नाही, ते प्रश्न ५ मध्ये. आणि हायवेवरून नवा रस्ता काढून आत घ्यायचा असेल, किंवा जागा समुद्राजवळ सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेल्या किनारपट्टीत, येत असेल, तर ती परवानगी वेगळी. म्हणूनच आम्ही सांगतो, नवीन जागा शोधत बसू नका, जिथे गाड्या आधीच थांबतात तिथेच लावा.

३. साधा १६ अँपियरचा सॉकेट पुरतो की मोठं मशीनच घ्यायला पाहिजे?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. लोक विचारतात मशीन किती किलोवॉटचं घेऊ, मी उलट विचारतो की तुमच्याकडे माणूस थांबतो किती वेळ. उत्तर त्यातच आहे.

होमस्टेमध्ये माणूस संध्याकाळी येतो आणि सकाळी आंबोळी खाऊन निघतो, म्हणजे दहा-बारा तास. १६ अँपियरच्या सॉकेटमधून साधारण ३.३ किलोवॉट मिळतात. ४० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायला २४ युनिट लागतात, म्हणजे सात-आठ तास. झालं काम, मशीनची गरजच नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायला लोक होडीतून जातात, मग जेवतात, तोवर तीन-चार तास सहज जातात, तिथे ७.४ किलोवॉटचा एसी पॉइंट (भिंतीतल्या विजेवरचा, हळू भरणारा) बरोबर बसतो. गणपतीपुळ्यालाही तेच. खानावळीत मात्र माणूस पाऊण तासात जेवून उठतो, तिथे एसी लावून त्याला काय मिळणार, पाच युनिट म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटर. तिथे ३० किंवा ६० किलोवॉटचं डीसी मशीनच (थेट बॅटरीत झटपट भरणारं) कामाचं, पण त्याला पैसे लाखांत लागतात आणि बहुतेक वेळा डीपीही (ट्रान्सफॉर्मर) वेगळी लागते (प्रश्न ११).

२०२२ च्या केंद्राच्या गाइडलाइन्समध्ये हायवेच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक स्टेशन असावं असं होतं. हायवेपुरतं ते ठीक, पण आपल्याकडे माणूस हायवे सोडून बराच आत जातो, आंजर्ल्याला, वेळणेश्वरला, देवगडला, आणि परत तेवढंच बाहेर यायचं असतं. तिथे कुठलीही कंपनी महागडं मशीन घेऊन लवकर येणार नाही. तिथे आपला सॉकेटच उपयोगी पडतो आणि तो लावायला फक्त चांगला वायरमन लागतो.

सॉकेट म्हणजे घरातला जुना गिझरचा पॉइंट नव्हे हां. मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी आणि चांगल्या कंपनीचा जाड पिनांचा सॉकेट. गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी आठ तास सलग ओढते. मी स्वतः पहिल्या वर्षी जुन्या वायरवर पॉइंट दिला होता, मे महिन्यात रात्री तीन वाजता जळका वास आला म्हणून जागा झालो, सॉकेट वितळून पिनेला चिकटला होता. एक्स्टेन्शन बोर्डवर तर कधीच नको.

४. कुठल्या गाडीला कुठली गन (केबलचं गाडीत बसणारं टोक) लागते?

आत्ताच्या बहुतेक सगळ्या कारना एसीसाठी टाइप-२ आणि डीसीसाठी सीसीएस-२. जुन्या काही गाड्यांना, म्हणजे ई-व्हेरिटो किंवा सुरुवातीची टिगोर, जीबीटीवाली भारत डीसी-००१ गन लागते, त्या आता कमी दिसतात. एमजी कॉमेटला डीसी फास्ट चार्जिंग नाहीच, ती घेऊन मोठ्या मशीनसमोर रांगेत उभं राहू नका. रिक्षा आणि बऱ्याचशा स्कूटर स्वतःचा चार्जर घेऊन फिरतात, त्यांना तीन पिनांचा सॉकेट बस. एथरची गन वेगळी. म्हणून एकच गोष्ट लावायची असेल तर सॉकेट लावा, कारण कारवाल्याकडेही बहुतेक वेळा पोर्टेबल चार्जर डिकीत असतो.

५. घरच्या मीटरवरून दुसऱ्याची गाडी चार्ज करून पैसे घेतले तर चालतं का?

स्वतःची गाडी घरच्या मीटरवर बिनधास्त. पण घरगुती मीटरवरून पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाड्या चार्ज करणं म्हणजे मीटर ज्या कामासाठी दिलं ते सोडून वापरणं. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अशा वापराला दुप्पट दराने आकारणी होते. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगचा वेगळा टॅरिफ आहे, त्याचं वेगळं मीटर मिळतं, तेच घ्या. अर्ज करताना लोड थोडा पुढचा विचार करून टाका, नंतर वाढवायला परत तीच धावपळ होते.

६. युनिटला किती लावायचे?

मीटरचा दर, फिक्स्ड चार्ज वाटून, देखभालीसाठी थोडे, आणि वर तुमची मेहनत. आकडा ज्याचा त्याने ठरवायचा पण तो बोर्डावर ठळक लिहायचा आणि सगळ्यांना सारखा लावायचा. मुंबईची नंबरप्लेट बघून दर बदलणारा आमच्या यादीत राहत नाही, हे स्पष्ट सांगतो. तासावर पैसे घेऊ नका, कारण हळू ओढणाऱ्या स्कूटरवाल्याचं त्यात नुकसान होतं. सॉकेटला आधी एक छोटं सब-मीटर बसवा, भांडणच राहत नाही. बरं, सगळीच भांडणं मिटतात असंही नाही, पुढचा प्रश्न बघा.

७. गाडीत २० युनिट गेले असं दाखवतंय आणि तुमच्या मीटरवर २३. असं कसं?

दोन्ही आकडे खरे आहेत. बॅटरी डीसीवर चालते, भिंतीतून एसी येतो, तो बदलताना गाडीतल्या चार्जरमध्ये उष्णता होते, केबल थोडं खाते, उन्हाळ्यात बॅटरी थंड ठेवायला पंखा-पंप चालतो तेही खातात. एसी चार्जिंगमध्ये दहा ते पंधरा टक्के असे जातात. बिल आपल्याला भिंतीच्या मीटरचं येतं, म्हणून पैसेही त्याचेच घ्यायचे. गिऱ्हाइकाला हे आधी शांतपणे सांगा, नंतर सांगितलं की ते कारण वाटतं.

८. मशीन नवीन आहे तरी 'अर्थ फॉल्ट' येतो आणि चार्जिंगच सुरू होत नाही. काय करायचं?

कोकणातला हा सगळ्यात मोठा त्रास आहे आणि तो मशीनचा नाही, जमिनीचा आहे. आपल्याकडे सड्यावर जांभा, खाली कातळ. पावसाळ्यात जांभा पाणी पितो तेव्हा अर्थिंग मस्त, आणि एप्रिल-मेमध्ये तोच कोरडा ठणठणीत झाला की अर्थिंग असून नसल्यासारखं. गाडी चार्जिंग सुरू करायच्या आधी अर्थिंग तपासते, बरोबर नसेल तर नकार देते, आणि ती योग्यच करते. लोक मात्र कंपनीला शिव्या घालतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे वायरमनला सांगून न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. हे कृपा करून करू नका. न्यूट्रल कधी तुटला तर अख्ख्या गाडीच्या पत्र्यावर करंट येतो आणि दार उघडणारा माणूस मरतो.

उपाय असा. खड्डा जांभ्यातच उथळ मारून थांबू नका, खाली माती लागेपर्यंत जा, किंवा आवारात जिथे माती आहे तिथे खड्डा घ्या आणि तिथून जाड पट्टी आणा. मोरीचं किंवा माडाचं आळं असेल त्याच्या कडेला घेतला तर ओल बारा महिने टिकते, आमच्या खानावळीत हात धुवायच्या जागेमागेच खड्डा आहे. कोळसा-मीठाची जुनी पद्धत आपल्याकडे फार टिकत नाही, एवढ्या पावसात मीठ वाहून जातं, त्यापेक्षा बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. एका खड्ड्यावर भागत नसेल तर दोन घेऊन जोडा. आणि मोजणी मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये मोजलेलं अर्थिंग सगळ्यांचंच चांगलं येतं. पाच ओहमच्या खाली आलं की निश्चिंत.

९. भर पावसात गाडी चार्जिंगला लावली तर करंट लागेल का?

टाइप-२ आणि सीसीएस-२ च्या गनमध्ये गाडी आणि मशीन आधी एकमेकांशी बोलतात, गन पूर्ण बसल्याशिवाय पिनेत वीज येतच नाही, त्यामुळे ती भिजली तरी घाबरू नका. तीन पिनांच्या सॉकेटचं तसं नाही, तो बटण चालू असेल तर जिवंतच असतो. म्हणून सॉकेट पडवीत, झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून कमरेच्या वर आणि आरसीसीबीसकट. आपला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो, तेव्हा डब्याचं तोंड नैऋत्येला नको. जूनच्या आधी वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा खरा धोका मशीनला, त्यासाठी सर्ज प्रोटेक्शन बसवा. तेही अर्थिंग नीट असेल तरच काम करतं (प्रश्न ८).

१०. समुद्राला लागून आहोत, खाऱ्या वाऱ्याने मशीन किती टिकेल?

नीट ठेवलं तर टिकतं. स्क्रू स्टेनलेस, वायरच्या टोकांचे लग कथील चढवलेले, आणि दर दोन महिन्यांनी उघडून बघणं, तांब्यावर हिरवं चढलेलं दिसलं की साफ करून आवळायचं. डीसी मशीन पंख्याने हवा आत ओढतं, म्हणजे मीठही ओढतं, त्याची जाळी महिन्याला धुवा. जागा निवडताना घराच्या पूर्वेकडची भिंत घ्या, घरच आडोसा होतं.

११. वाडीच्या डीपीवर लोड येऊन सगळ्यांची लाइट डिम होईल ना?

शंका बरोबर आहे. वाडीला डीपी बहुतेक ६३ किंवा १०० केव्हीएची असते, त्यावर घरं, पंप, एखादी गिरण. तीन कार ७.४ ने एकदम लागल्या तर बावीस किलोवॉट झाले, आणि ते संध्याकाळी सात-आठला, जेव्हा सगळ्यांचे टीव्ही-पंखे चालू. शेजारी नाराज झाले तर पॉइंट टिकत नाही हे लक्षात ठेवा. होमस्टेवाल्यांनी गाड्या रात्री अकरानंतर सुरू करायच्या, बहुतेक गाड्यांत टायमर लावता येतो, पाहुण्याला सांगितलं की तो लावतो. नाहीतर दिवसा, सौर तासांत, म्हणजे ऊन असताना चार्जिंग व्हावं असा केंद्राचाही कल आहे. ६० किलोवॉटचं मशीन वाडीच्या डीपीवर मागूच नका, ते हायवेला, स्वतंत्र डीपीवर.

१२. जागा सामाईक आहे, सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली अर्धी मुंबईत. मीटर मिळेल का?

कोकणातच येणारा प्रश्न. नव्या कनेक्शनला मालकीचा किंवा वहिवाटीचा पुरावा लागतो, आणि सामाईकात सहहिस्सेदारांची संमती मागितली जाते. आमचा अनुभव असा की गणपतीत सगळे भाऊबंद घरी असतात तेव्हा बसून बोला आणि तिथेच सह्या घ्या, फोनवर हे होत नाही. काका-चुलत्यांना मुख्य भीती जागा जाण्याची असते, तेव्हा संमतीपत्रात स्वच्छ लिहा की फक्त मीटर आणि पॉइंट, जागेवर नवा हक्क कुणाचा नाही. जिथे जमतच नाही तिथे ज्याच्या नावावर दुकानगाळा किंवा घर आहे त्याच्या भिंतीवर पॉइंट लावा आणि गाडी तिथवर येऊ दे.

१३. आमच्याकडे पूर येतो. लावावं की नको?

लावा, पण उंचीवर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत कुठवर आलं होतं ते तिथल्या प्रत्येकाला आठवतंय, बऱ्याच भिंतींवर खूण अजून आहे. मशीनचा तळ त्या खुणेच्या वर. ते शक्य नसेल तर सॉकेटच ठेवा, जो बुडाला तर बदलता येतो, आणि मेन स्विच पहिल्या मजल्यावर घ्या म्हणजे पाणी चढायच्या आधी वरून बंद करता येईल. पाणी ओसरल्यावर वायरमनने मेगर (वायरिंगमधली गळती तपासायचं यंत्र) लावून तपासल्याशिवाय चालू करायचं नाही, वरून कोरडं दिसलं तरी.

१४. गणपतीत काय करायचं? रांगच रांग लागते.

पहिली गोष्ट प्रवाशांसाठी. ट्रॅफिकमध्ये अडकलं तरी गाडीतला थंड हवेचा एसी चालू असतो, तो तासाला एक-दीड युनिट खातो. माणगाव-महाडच्या पट्ट्यात चार तास अडकलात तर पाच-सहा युनिट, म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटर जागेवरच गेले. एरवी मुंबईतून फुल निघून चिपळूणला आरामात पोचणारी गाडी त्या दिवसांत पोचेलच असं धरू नका, माणगावच्या आसपास थोडं भरून घ्या.

पॉइंटवाल्यांसाठी: या दिवसांत डीसीवर ८० टक्क्यांना गन काढायची. ८० नंतर गाडी स्वतःच वेग कमी करते, शेवटच्या वीस टक्क्यांना कधी आधीच्या साठइतकाच वेळ जातो, तेवढ्यात मागच्याचं काम होतं. नंबर कागदावर लिहा. गाडी लावून माणूस गायब होणार नाही याची काळजी म्हणून मोबाइल नंबर काचेवर ठेवायला सांगा. लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या गाडीला पुढे घ्या, रांगेतले लोक स्वतःच हो म्हणतात, मी दर वर्षी बघतो.

१५. गावात मोबाइलला रेंज नाही, अॅपशिवाय मशीन सुरूच होत नाही.

म्हणून विकत घेतानाच विचारायचं की मशीन ओसीपीपीवर चालतं का. ही मशीन आणि सर्व्हर यांच्यातली खुली भाषा आहे, कुठल्या एका कंपनीची नाही. त्यात मशीनच्या आतच ओळखीच्या कार्डांची यादी ठेवता येते, मग नेट नसलं तरी कार्ड टेकवून सुरू होतं. दुसरा फायदा मोठा आहे: उद्या अॅपवाली कंपनी बंद पडली तरी तेच मशीन दुसऱ्या सर्व्हरला जोडता येतं. नाहीतर लाखांचं मशीन खांबासारखं उभं राहतं. सॉकेटवाल्यांना हा प्रश्नच नाही, सब-मीटर बघायचं, यूपीआय नाही चाललं तर रोख घ्यायचे.

१६. यादीत पॉइंट चालू दिसतो आणि गेलं तर बंद. मग यादीचा उपयोग काय?

काहीच नाही, आणि म्हणूनच आम्ही याच्यावर सगळ्यात कडक आहोत. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन कोल्हापूरहून येत होतो, रात्रीचे साडेअकरा, आठ टक्के उरलेले, नकाशावर हिरवा ठिपका दाखवणाऱ्या मशीनपाशी पोचलो तर स्क्रीन काळी आणि चौकीदार म्हणाला दोन महिने असंच आहे. शेजारच्या टपरीवाल्याने झोपेतून उठून त्याच्या फ्रिजच्या पॉइंटवर गाडी लावू दिली, पहाटे चारपर्यंत आई त्यांच्या पडवीत बसली होती. तिथून हे काम सुरू झालं.

नियम असा: पॉइंट बंद पडला की एका तासात ग्रुपवर कळवायचं, कारण नंतर सांगितलं तरी चालेल. बाहेरगावी जात असाल तरी 'बंद' टाकायचं. फोन रात्रीही उचलायचा, निदान 'येऊ नका' एवढं सांगायला. तीनदा खोटं 'चालू' निघालं तर नाव काढतो. एका जुन्या, चांगल्या मित्राचं नाव काढावं लागलं, मला वाईट वाटलं, पण काढलं.

१७. आमच्या रिक्षा स्टँडला काय करता येईल?

खूप. तीनचाकीची बॅटरी साडेसात युनिटच्या आसपास, सॉकेटवर चारेक तासांत भरते, दुपारी धंदा मंद असतो तेव्हा अर्धी भरली तरी संध्याकाळ निघते. केरळात केएसईबीने विजेच्या खांबांवरच छोटे पॉइंट लावलेत, २०२१ मध्ये कोझिकोडपासून सुरुवात झाली. आपल्या एसटी स्टँडबाहेर असं व्हावं म्हणून ग्रामपंचायत आणि नगरपंचायतीकडे स्टँडच्या नावाने एकत्र अर्ज द्या, एकट्याच्या अर्जाला वजन येत नाही.

१८. सबसिडी?

पीएम ई-ड्राइव्ह योजना ऑक्टोबर २०२४ पासून आहे, त्यात सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवलेत, पण त्याचा रोख मोठ्या स्टेशनांवर आहे. चार्जरवर जीएसटी २०१९ पासून ५ टक्के. सॉकेटवाल्याने सबसिडीची वाट बघत थांबू नये असं माझं मत.

१९. घाटावर फुल चार्ज करून खाली उतरलं तर जास्त फायदा ना?

उलट. आंबा, आंबोली, कुंभार्ली, कुठलाही घाट उतरताना मोटर ब्रेकचं काम करते आणि बॅटरीत वीज परत भरते. बॅटरी आधीच शंभर टक्के असेल तर ती वीज ठेवायला जागाच नाही, मग ते ब्रेकिंग कमी होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो, धुक्यात-पावसात हे नको. देशावरून खाली येताना ८५-९० वर निघा. खालून वर जाताना मात्र जास्त घेऊन चढा, चढाला एरवीच्या दुप्पट लागू शकते.

२०. वादळात लाइट गेली तर इलेक्ट्रिक गाडी घेऊन काय करायचं?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, त्यामुळे कुणी हा प्रश्न विचारला तर मी तो उडवून लावत नाही. वादळाचा इशारा आला की सगळ्या गाड्या फुल करून ठेवायच्या, यादीतल्या पॉइंटवाल्यांनी त्या दोन दिवसांत गावातल्यांना आधी द्यायचं. लाइट नसली तर पेट्रोलपंपाचीही मशीनं जनरेटरवरच चालतात, तेव्हा ज्याच्याकडे जनरेटर किंवा बॅटरीसकट सोलर आहे त्याची नोंद यादीत वेगळ्या खुणेने केलीय. काही नव्या गाड्यांतून उलट घरातले दिवे आणि मोबाइल चालवता येतात, अशा गाडीवाल्यांनीही नाव द्या.

२१. गाडी रस्त्यातच संपली. टोचन करून आणू का?

दोरी बांधून ओढत नेऊ नका. चाकं फिरली की मोटर फिरते आणि आत वीज तयार होते, कंट्रोलर जाऊ शकतो. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड गाडीच बोलवा, किंवा त्याआधी यादीतल्या जवळच्या पॉइंटवाल्याला फोन करा. बऱ्याचदा दोनशे मीटरवर कुणाचं तरी घर असतं, त्यांच्या आवारात गाडी ढकलत नेऊन, गियर न्यूट्रलला टाकून हळूहळू, तासभर सॉकेटला लावली तरी वीस किलोमीटर मिळतात. त्या घरातल्यांना पैसे द्यायला विसरू नका, आणि त्यांच्या वायरिंगची अवस्था जुनी दिसली तर गाडीत करंट कमी करून ६ किंवा १० अँपियरवर लावा.